‘श्रीमंती’ ही यशवंत पेंटरांची अक्षरं

‘‘बाई, आलं का नाव?’’ यशवंत सकपाळांनी मला विचारलेली ही शेवटची गोष्ट. महाडपासून रिक्षाने दहा मिनिटांवर त्यांची वाडी. तिथल्या घराच्या पडवीत खाटेवर, पाठीला दोन उशा लावून ते बसले होते. छातीत पाणी झालं होतं, दोन शब्द बोलले की थांबून दम घ्यावा लागत होता. ज्या माणसाने महाड-पोलादपूरच्या निम्म्या दुकानांच्या पाट्या रंगवल्या, त्याचा उजवा हात चादरीवर नुसता पडून होता. मी म्हटलं, ‘‘हो, आलं ना. नव्या आवृत्तीत घातलंय त्यांनी.’’ हे धडधडीत खोटं होतं. नाव आलेलं नव्हतं आणि येण्याचं काही चिन्हही नव्हतं. त्यांनी मान हलवली, ‘‘बरं झालं’’ म्हणाले आणि सुमनवहिनींना माझ्यासाठी चहा टाकायला सांगितलं... चारच दिवसांनी सकाळी त्यांच्या मुलीचा, करुणाचा फोन आला. ‘‘बाई, बाबा गेले.’’

कसलं नाव, ते आधी सांगते. तुमच्या घरी गेल्या दोन वर्षांत एखादी लग्नपत्रिका आली असेल, तर ती काढून बघा. वधूवरांची नावं हाताने लिहिल्यासारख्या झोकदार अक्षरांत असण्याची बरीच शक्यता आहे. वेलांटी वरून ऐटीत वळून खाली येते, उकाराला पोटाशी हलकीशी फुगी असते, जाड रेघ कुठे बारीक होते ते डोळ्यांना कळत नाही, आणि नाव संपतं तिथे शिरोरेषेच्या टोकाला एक छोटं पान असतं. या फॉन्टचं नाव ‘श्रीमंती’. साड्यांच्या दुकानांवर, मिठाईच्या खोक्यांवर, बारशाच्या फलकांवर सगळीकडे तोच. ही अक्षरं यशवंत गणू सकपाळ या माणसाच्या हाताची आहेत आणि हे त्या फॉन्टवर कुठेही लिहिलेलं नाही. गेलेल्या माणसाविषयी लिहिताना सूर मऊ ठेवावा, अशी रीत आहे. मला राग आला आहे, तेव्हा ते जमेलसं वाटत नाही. वाचकांनी सांभाळून घ्यावं.

यशवंतरावांची माझी ओळख शाळेतली. मी महाडला मराठी शिकवायला लागले त्या वर्षी शाळेने व्हरांड्यात गुणवंत विद्यार्थ्यांचा फलक लावायचा ठरवला आणि ते रंगवायला आले. मी नावांची यादी त्यांच्या हातात दिली. त्यांनी ती घडी घालून खिशात ठेवली आणि म्हणाले, ‘‘पोरांना बोलवा.’’ मला वाटलं, रंगाचे डबे धरायला हवी असतील. तसं नव्हतं. एकेका मुलाला समोर उभं करून ते म्हणत, ‘‘नाव सांग. आख्खं. मोठ्यानं.’’ मुलाने नाव सांगितलं की मगच ब्रश बुडवायचा. सगळ्या मुलांना वर्गातून बोलावून होईपर्यंत दोन तास गेले, मुख्याध्यापक माझ्यावर उखडले, आणि मी जाऊन यशवंतरावांवर उखडले. तेव्हा त्यांनी ब्रश पुसत पुसत मला सांगितलं, ‘‘बाई, माझ्या बापाचं नाव गणू. शाळेच्या दाखल्यावर हाय ‘गण्या’. आजाचं तर त्याहून वंगाळ. लिवणाऱ्यानं विचारलंच नाय, त्याच्या मनात आलं ते लिवलं. मी आपलं विचारतो.’’ त्यानंतर शाळेचा एकही फलक मी दुसऱ्या कुणाकडून रंगवू दिला नाही.

ही त्यांची पद्धत शेवटपर्यंत सुटली नाही आणि त्यापायी गिऱ्हाइकं वैतागत. पोलादपूरच्या नाक्यावर एका हॉटेलवाल्याने फोनवरूनच सांगितलं, आईच्या नावाने हॉटेल आहे, अमुक नाव लिहा. यशवंतरावांनी विचारलं, आई कुठे असते? ती उमरठला. झालं. पेंटरसाहेब एसटीने उमरठला गेले, त्या आजींच्या अंगणात बसले, त्यांच्या तोंडून त्यांचं नाव ऐकलं, ताक प्याले आणि दुसऱ्या दिवशी येऊन पाटी रंगवली. मी त्यांना म्हटलं, ‘‘अहो, नाव तर तेच होतं ना? ऐकून काय वेगळं लिहिलंत?’’ ते म्हणाले, ‘‘आजी नाव सांगताना लाजली बाई. तिला तिचं नाव कोणी विचारलंच नव्हतं कधी. म्हणून जरा ठसठशीत काढलं.’’ आता रस्ता रुंद झाला, नाका मागे सरकला, ती पाटी कुठे गेली देव जाणे. पण तिच्यावरच्या ‘बाई’तला ‘ई’ मला अजून आठवतो.

आणि ते पान. शिरोरेषेसाठी ते निळीत बुडवलेला दोरा दोन्ही टोकांना ताणून धरत, मधोमध चिमटीत उचलून सोडत आणि भिंतीवर सरळ निळी रेघ उमटे. अक्षरं आधी, शिरोरेषा सर्वांत शेवटी. डावीकडून उजवीकडे एका दमात ब्रश ओढायचा आणि टोकाला पोचल्यावर मनगट किंचित फिरवून उचलायचा, की पान तयार. टोक लांब, शेपटीसारखं बाहेर आलेलं. वाडीतल्या बुद्धविहाराची पाटी हे त्यांचं स्वतःच्या मर्जीने केलेलं पहिलं काम, तिथे हे पिंपळाचं पान पहिल्यांदा आलं. पुढे ज्याच्या तोंडून नाव ऐकलं, त्या प्रत्येकाच्या नावाला ते द्यायला लागले, मग माणूस कुठल्याही जातीचा असो. सव गावच्या गरम पाण्याच्या कुंडांकडे जाताना एका वैद्यांचा दवाखाना आहे. त्या वैद्यांनी कुरकुर केली, की हे पान कशाला. यशवंतराव म्हणाले, ‘‘ऱ्हाऊ द्या. सावलीला हाय.’’ वैद्यांनी राहू दिलं.

असा सगळा गाव त्यांच्या हाताखालून गेलेला. एक जागा सोडून. आमच्या आळीतल्या देवळाचा जीर्णोद्धार झाला तेव्हा सभामंडपात देणगीदारांची नावं लिहायची होती. मी विश्वस्तांपैकी अप्पांकडे गेले. अप्पांचं बाजारात किराण्याचं दुकान, आणि त्यावरची पाटी यशवंतरावांचीच. मी त्यांचं नाव सुचवलं. अप्पा म्हणाले, ‘‘हाताला तोड नाही हो त्याच्या. पण काय आहे बाई... गाभाऱ्याला लागून शिडी लावावी लागेल. चार लोक चार गोष्टी बोलतात. आपल्याला काही नाही त्याचं...’’ आपल्याला काही नाही! महाडात, चवदार तळ्यापासून हाकेच्या अंतरावर उभं राहून हे वाक्य बोलायला माणसाला काय लागत असेल, याचा मी पुष्कळ विचार केला आहे. काही लागत नाही. गोड आवाज पुरतो. मी तिथे भांडले, पण हवी तेवढी नाही, हे आज कबूल करते. चिपळूणहून पेंटर आणला गेला आणि त्याने चांगली जाडजूड, ठोकळ्यासारखी अक्षरं काढून दिली. यशवंतरावांना मी काही सांगितलं नाही. त्यांना अर्थातच कळलं होतं. ते एवढंच म्हणाले, ‘‘तुम्ही कशाला गेलात विचारायला?’’

मग फ्लेक्स आले आणि पाट्यांची कामं आटली. ते मात्र रोज सकाळी लांब वहीत ब्रशने अक्षरं काढत राहिले. कुणाचं लग्न, कुणाचं बारसं, कुणी गेलं, ते ते नाव वहीत. अशा चार वह्या होत्या. सावित्रीला मोठा पूर आला त्या वर्षी बाजारातल्या त्यांच्या गाळ्यात छपरापर्यंत पाणी चढलं आणि एक वही चिखलाचा गोळा होऊन हातात आली. त्यानंतर काही महिन्यांनी माझा एक जुना विद्यार्थी मला भेटायला आला. शाळेत हुशार, चित्रकला उत्तम, आता पुण्यात फॉन्ट तयार करण्याच्या कामात. मीच त्याला घेऊन गेले. हे नीट वाचा, कारण या प्रकरणातला पहिला गुन्हेगार मी आहे. यशवंतराव वह्या द्यायला तयार नव्हते. मीच म्हटलं, ‘‘अहो, द्या हो. फोटो काढून ठेवू दे त्याला. पुन्हा पाणी आलं तर?’’ त्यांनी माझ्याकडे बघून वह्या दिल्या. त्याने दोन दिवस बसून सगळी पानं टिपली, शिवाय चौकटीच्या कागदावर त्यांच्याकडून एकेक अक्षर सुटं काढून घेतलं. यशवंतरावांना ते सुटं लिहिणं काही केल्या जमेना. ‘‘नुसता ‘क’ कसा काढू? कोणाचा ‘क’?’’ असं ते विचारत राहिले. शेवटी मी ‘करुणा’ म्हणा, ‘काशिनाथ’ म्हणा असं एकेक नाव सुचवत गेले आणि त्यांनी प्रत्येक नावातलं पहिलंच अक्षर तेवढं काढलं. निघताना त्या विद्यार्थ्याने विचारलं, ‘‘काका, तुम्हाला काय हवं?’’ मी शेजारीच उभी होते. यशवंतराव म्हणाले, ‘‘काय नको. खाली नाव टाक माझं. आख्खं.’’ तो म्हणाला, ‘‘म्हणजे काय, टाकणारच.’’

वर्षभराने फॉन्ट बाहेर पडला. माझ्या भाचीने मला त्याचं पान फोनवर उघडून दाखवलं. नाव ‘श्रीमंती’. निर्मिती म्हणून माझ्या विद्यार्थ्याचं नाव आणि त्याचा ऐटबाज फोटो. खाली दोन ओळी होत्या : कोकणातल्या अनाम लोककलेतून प्रेरित राजेशाही वळण, आणि शुभकार्यासाठी विड्याच्या पानाची खास नक्षी. मी त्या ओळी तीनदा वाचल्या. अनाम! ज्याने उभ्या आयुष्यात एकाही माणसाचं नाव न विचारता लिहिलं नाही, तो अनाम. त्याच्या बापाला दाखल्यावर ‘गण्या’ तरी लिहिलं होतं, याला तेवढंही नाही. आणि विड्याचं पान! अरे, विड्याच्या पानाला कधी एवढं लांब शेपूट असतं का? तू महाडचा ना? पिंपळाखालून शाळेत येत होतास ना रोज?

मी लगेच त्याला फोन लावला. तो माझ्याशी अत्यंत आदराने बोलला, त्यामुळे मला जास्त संताप आला. ‘‘बाई, फॉन्ट असा एका माणसाचा नसतो. काकांची अक्षरं कच्चा माल होती. वळणं आम्ही एकसारखी केली, शेकडो जोडाक्षरं आम्ही नव्याने काढली.’’ त्यातली मेहनत खरी आहे, ती मी नाकारत नाही. ‘‘मग दोन नावं लिही,’’ मी म्हटलं, ‘‘जागा कमी पडते का?’’ तो म्हणाला, पुढच्या आवृत्तीत बघतो. ‘‘आणि ते पान पिंपळाचं आहे.’’ यावर तो म्हणाला, ‘‘बाई, मला माहितीये. पण लग्नपत्रिकेला विड्याचं म्हटलं की चालतं. पिंपळाचं म्हटलं की लोक... तुम्हाला कळतंय ना.’’ अप्पांच्या आवाजात आणि या पोराच्या आवाजात मला काडीचा फरक ऐकू आला नाही. याला मराठी मी शिकवलं होतं. मी फोन ठेवला आणि पत्र लिहायला बसले. त्या कंपनीला मी अकरा पत्रं लिहिली. चारांना उत्तरं आली, चारही एकसारखी, आपल्या सूचनेची नोंद घेतली आहे म्हणून.

त्याच साली आमच्या देवळाच्या उत्सवाची निमंत्रणपत्रिका घरी आली. ‘श्रीमंती’मध्ये. विश्वस्तांची सगळी नावं यशवंतरावांच्या अक्षरांत आणि अप्पांच्या नावाच्या टोकाला पिंपळाचं पान. मी ती घेऊन तडक वाडीवर गेले. त्यांनी चष्मा लावून ती लांब धरली, जवळ धरली आणि मोठ्याने हसले. ‘‘मी बाहेर ऱ्हायलो, अक्षरं गेली बघा आत. शिडीबिडी काय लागली नाय.’’ मला हसू आलं नाही. हसता हसता त्यांना खोकला लागला, तो थांबेना. त्या दिवशी पहिल्यांदा मला त्यांची छाती वाजताना ऐकू आली.

ते गेल्यावर जलदानविधीची पत्रिका छापायची होती. करुणा पोलादपूरला तहसील कचेरीत कारकून आहे. रजा काढून आली होती, सगळं तीच बघत होती. छापून आलेल्या पत्रिकांचा गठ्ठा तिने माझ्यासमोर ठेवला आणि माझं डोकं फिरलं. छापखान्याने ‘कालकथित यशवंत गणू सकपाळ’ हे ‘श्रीमंती’तच जुळवलं होतं. मी ओरडले, ‘‘फाडून टाक सगळ्या! निदान इथे तरी नको ते.’’ करुणा माझी विद्यार्थिनी. तिने आजवर माझ्यापुढे कधी आवाज चढवला नव्हता. ती म्हणाली, ‘‘का फाडू? मीच सांगितलं त्यांना ही अक्षरं लावायला. माझ्या बापाची अक्षरं हायत ती बाई. दुसऱ्यानं नाव लावलं म्हणून मी टाकून देऊ?’’

मग तिने मला राहिलेलं सगळं सांगितलं. ‘‘बाबांना सगळं म्हाईत होतं. फॉन्टचं पान मीच त्यांना वाचून दाखवलं होतं. त्यांनी विचारलं, अनाम म्हंजे काय गो? मी म्हटलं, ज्याचं नाव म्हाईत नाय तो. मग त्या दिवशी जेवलेच नायत.’’ मी विचारलं, ‘‘मग मला का विचारलं त्यांनी, आलं का म्हणून?’’ ‘‘तुम्ही पत्रं लिवताय ते ठाऊक होतं ना. त्यांना वाटायचं, बाई लिवतायत म्हंजे आज ना उद्या येईल. तुम्ही त्या दिवशी हो म्हणालात, तर तुम्ही गेल्यावर मला फोनवर पान उघडायला लावलं. मी उघडलं...’’ मी म्हटलं, ‘‘मग?’’ ‘‘काय नाय. म्हणाले, बंद कर. आणि बाईंना सांगू नको, त्यांना वाईट वाटेल.’’

म्हणजे मरणाच्या दारातल्या माणसाला मी चार दिवसांचा आनंद दिला, असं जे मनाशी धरून बसले होते, तेही खोटंच. मी त्यांना आशा दाखवली आणि त्यांच्या मुलीला ती त्यांच्या डोळ्यांसमोर पुसायला लावली. कंपनीवर रागवायचं, विद्यार्थ्यावर रागवायचं, अप्पांवर रागवायचं, आणि स्वतःचं काय? सुमनवहिनींनी चहा आणून ठेवला, तो तसाच राहिला.

करुणाने कपाटातून काळी पेनं काढली. त्यातलं एक मला दिलं. पत्रिकेच्या तळाशी, उजव्या कोपऱ्यात थोडी जागा कोरी होती. तिथे तिने लिहिलं, ‘अक्षरे : यशवंत गणू सकपाळ’, आणि पत्रिका बाजूला ठेवली. मग दुसरी. मीही एक ओढली. माझं अक्षर मास्तरणीचं, सरळसोट. त्यांच्या अक्षरांखाली ते अगदी गरीब दिसत होतं. आम्ही दोघींनी दुपारभर बसून गठ्ठा संपवला. एकही पत्रिका नावाशिवाय घराबाहेर गेली नाही.

तेव्हापासून ते काळं पेन माझ्या पर्समध्येच असतं. घरी आलेल्या ‘श्रीमंती’तल्या लग्नपत्रिकेवर मी तीच ओळ लिहिते. मिठाईच्या खोक्यावर लिहिते. कापडाच्या दुकानात पिशवी मिळाली, तर गल्ल्यासमोर उभी राहून तिच्यावर लिहिते आणि दुकानदाराला वाचून दाखवते. लोक म्हणतात, बाईंचं वय झालं. होऊ दे. गेल्या आठवड्यात आमच्या आळीच्या तोंडाशी देवळाच्या उत्सवाचा मोठा फ्लेक्स लागला, अक्षरं अर्थातच ‘श्रीमंती’. खालचा कोपरा माझ्या हाताला येत होता. संध्याकाळची वेळ, बाजार भरलेला. मी पिशवी खाली ठेवली, पेन काढलं आणि लिहायला लागले. ‘यशवंत गणू’पर्यंत आले तोच मागून आवाज आला, ‘‘अहो बाई, बाई! हे काय करताय?’’ अप्पा होते. आजूबाजूला चार माणसं थांबली. मी मागे वळून पाहिलं नाही, कारण हात हलला असता. ‘सकपाळ’ पुरं केलं, टोपण लावलं आणि मग त्यांच्याकडे वळले.

‘‘काही नाही अप्पा,’’ मी म्हटलं, ‘‘पेंटरची सही राहिली होती.’’